थोरलीचं वजन

आता बघा, माणूस एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवर बसतो म्हणजे दिवसभर करतो काय? लोकांच्या बॅगा काट्यावर घेतो आणि म्हणतो, "वजन जास्त आहे, काहीतरी काढावं लागेल." सकाळी म्हणतो, दुपारी म्हणतो, समोर कुणाची आई लेकाला दिलेले डबे एकेक करून बाहेर काढत रडत असली तरी म्हणतो. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर लोळत 'कमी सामान, हलकं मन' असला व्हिडिओ बघूच नये.

याने बघितला.

(याला आपण जावई म्हणू. नाव आहे त्याला, पण या गोष्टीत त्याचं काम जावई असणं एवढंच आहे, आणि तेही त्याला धड जमलेलं नाही.)

व्हिडिओ संपला तसा जावई उठला आणि स्टेशनरीच्या दुकानातून स्टिकरची दोन पाकिटं घेऊन आला. हिरवा स्टिकर म्हणजे घरात राहणार. लाल म्हणजे जाणार. नियम एकदम साधा : ज्या वस्तूचा उपयोग एका वाक्यात सांगता येत नाही तिला लाल. दोन दिवसांत घराला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. फुलदाणी गेली, जुना पंखा गेला, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या. आणि सासूबाईंची लोखंडी इस्त्री गेली. त्यांच्या लग्नातली. उचलायला दोन हात लागायचे तिला. जावयाने ती काउंटरवरच्या सवयीने नुसती उचलून बघितली, "ओव्हरवेट," म्हणाला, आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्या दिवसापासून त्या जावयाशी फक्त मुलीमार्फत बोलायला लागल्या.

"जावईबापूंना सांग, दूध उतू जातंय."

जावईबापू गॅससमोरच उभे असायचे.

बायकोने मात्र भांडण केलं नाही. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. रोज कुणी ना कुणी तिला भिंतीवर नेऊन आदळतं, त्यामुळे तिचा आवाज सहसा चढत नाही. तिने फक्त एक लाल स्टिकर काढला आणि नवऱ्याच्या कपाळावर चिकटवला.

"एका वाक्यात उपयोग सांग."

"कुणाचा?"

"तुझा."

जावयाने बराच विचार केला. "मी तुझा नवरा आहे."

"ते पद झालं. उपयोग सांग."

तेवढ्यात बेल वाजली म्हणून तो वाचला. दारात मामा.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. रिटायर्ड दातांचे डॉक्टर. सडपातळ, हळू बोलणारे, आणि काहीही वाईट घडणार असलं की "जरा कळ येईल हं" असं आधी सांगणारे. लग्न त्यांनी केलं नाही, बोट केली. शिडाची, लाकडी, जुन्या बांधणीची. लांब सुट्टी टाकून मामा तिच्यात एकटे महासमुद्र ओलांडून गेले होते आणि परतही आले होते. (येऊन दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. पेशंटने विचारलं, "कुठे होता इतके दिवस?" मामा म्हणाले, "आ करा.") बोटीचं रजिस्टरमधलं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण घरात सगळे तिला 'थोरली' म्हणायचे.

मामांनी खुर्चीत बसून दोन्ही गुडघे हाताने चोळले.

"ताई, जरा कळ येईल हं. थोरली देऊन टाकतोय."

"देऊन टाकतोयस म्हणजे?" सासूबाई.

"गुडघे साथ देत नाहीत. एक हॉटेलवाले भेटले. ते तिची डोलकाठी कापून तिला लॉनवर ठेवणार. आत बर्फ भरणार. बर्फावर सॅलड."

बायको लहानपणी प्रत्येक सुट्टीत थोरलीच्या नाकातल्या अरुंद बाकावर झोपलेली होती. लाकडापलीकडे कानाशी पाणी बोलायचं म्हणे. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे काहीही चालू नसताना एक्झॉस्ट फॅन लावला. आवाज येऊ नये म्हणून. जावयाला ते कळलं. (माणूस वाईट नाही हो तो. फक्त त्याला काटा दिसला की भान राहत नाही.)

"मी चालवतो ना!" तो ओरडला.

"तुम्ही?" मामा म्हणाले.

"सेलिंग क्लबमध्ये शिकलोय. चार रविवार!"

चार रविवारांपैकी एका रविवारी वारा नव्हता आणि एका रविवारी तो पाण्यात होता, हे त्याने सांगितलं नाही. पण मामांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "येत्या रविवारी हॉटेलवाले बघायला येणार आहेत. सगळेच चला. मी हात लावणार नाही. घरातल्या कुणीही थोरलीला बाहेर न्यायचं, तो लाल बोया तरंगतो ना खुणेचा, त्याला वळसा घालायचा, आणि परत आणून धक्क्याला लावायचं. एकही ओरखडा न पडता. जमलं, तर ती घरात राहील. नाही जमलं, तर सॅलड." आणि खिशातून किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली. "शनिवारी जाऊन नुसती झाडून ठेवा."

नुसती. झाडून. ठेवा. तीन शब्द. यात न कळण्यासारखं काही आहे का?

शनिवारी जावई धक्क्यावर पोचला आणि खरं सांगतो, दोन मिनिटं बघतच राहिला. आजूबाजूला नव्या पांढऱ्या बोटी होत्या, चकचकीत, प्रत्येक लाटेला टुणटुण उड्या मारत. त्या पाण्यावर ठेवल्यासारख्या दिसत होत्या. थोरली पाण्यात बसली होती. गोल भरलेलं पोट, किंचित वर उचललेलं नाक, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि लाकडावर वॉर्निशचे थर असे की मधात बुडवून काढल्यासारखी. शेजारची बोट चार वेळा नाचायची तेव्हा ही एकदा श्वास घेतल्यासारखी वर यायची आणि खाली जायची. जावयाचा ऊर भरून आला.

आणि मग त्याच्यातला चेक-इनवाला जागा झाला. त्याने पाण्याची रेघ बघितली. अरे बापरे. केवढी खोल. ओव्हरवेट!

क्लबमधला मास्तर सांगायचा, हलकी बोट पळते. मग जावयाने झाडू ठेवला आणि स्टिकर काढले. आत डाव्या बाजूला जमिनीची फळी उचलली, तर खाली गोणपाटात शिवलेल्या पिशव्या. मळकट, चौकोनी, एकीला एक चिकटून बसलेल्या. एक उचलली तर खांद्यातून कळ गेली. मामा म्हणजे एकटा माणूस. एकटी माणसं काय काय साठवून ठेवतात! उपयोग एका वाक्यात? सांगता येत नाही. लाल.

धक्क्यावरच्या कचरागाडीवाल्यांनी पिशव्या वर चढवताना त्याला शिव्या घातल्या. "काय भरलंय साहेब? सगळं मिळून एक माणूस झाला की हा!"

जावई हसला. घाम पुसला. फळी परत बसवली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "उद्या बघ थोरली कशी पळते ते. माझं एक सरप्राइज आहे."

सरप्राइज होतंच.

रविवारी हॉटेलवाले स्वतःच्या लाँचने आले ते हातात मोजायची टेप घेऊनच. माणूस अगदी सभ्य. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. चढल्या चढल्या त्यांनी कामाला सुरुवात केली. टेप सर्रकन बाहेर काढायची, मापायचं, मान हलवायची. "इथे सूप. इथे सॅलड. नाकात आइस्क्रीम छान बसेल." नाक म्हटल्यावर बायकोने तोंड फिरवलं. सासूबाई चहाचं सामान घेऊन उजवीकडे बसल्या.

मामा धक्क्यावरून वाकून बघत होते. "आज थोरली जरा उजवीकडे झुकल्यासारखी वाटतेय."

"सासूबाई बसल्यात ना तिकडे," जावई म्हणाला.

(असं वाक्य तोंडातून बाहेर पडतं ना, तेव्हा ते परत आत घ्यायची काहीतरी सोय हवी होती देवाने केलेली.)

सासूबाईंनी मुलीकडे बघितलं. "जावईबापूंना विचार, मी उतरू का?"

"अगं आई, त्याला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं होतं ते विचार."

शेवटी त्या उठल्या आणि डावीकडे जाऊन बसल्या. थोरलीने काही फार मनावर घेतलं नाही. मामांनी डोळे बारीक केले, पण हॉटेलवाले घाई करत होते, त्यांना संध्याकाळी लग्नाच्या दोनशे प्लेट होत्या. निघाले सगळे.

इंजिनवर बंदराबाहेर आले, शिडं वर गेली, वारा उजव्या बाजूने आला, आणि थोरलीने डावा खांदा हलकेच पाण्याला टेकवला. उजवीकडचा झुकाव त्यात पार जिरून गेला. बरोब्बर सरळ! इंजिन बंद केलं आणि मग जे काही झालं ना, ते मला सांगता येतं का बघतो. आवाजच गेला. म्हणजे पाण्याचा होता, दोरांचा होता, पण खडखड म्हणून नाही. समोरून लाट आली की क्लबची बोट धाडकन आपटायची, दात वाजायचे. थोरली आपटतच नव्हती. लाटेला नाकाने मधोमध चिरून, दोन्हीकडे बाजूला सारून, जड पडदा सारून बाई खोलीत यावी तशी पुढे जात होती.

"सुकाणू सोडा," मामा म्हणाले.

"सोडू?" जावयाची मूठ पांढरी पडली होती.

"सोडून बघा तर."

त्याने एक बोट काढलं. मग दुसरं. मग हात. थोरली सरळ. एक मिनिट, दोन मिनिटं, सरळच! क्लबच्या बोटीचं सुकाणू शिंकायला सोडलं तरी ती घराकडे तोंड करायची.

"अहो मामा, हिला कसं कळतं कुठे जायचं?"

मामा खुलले. त्यांनी तळहात उभा धरला. "नव्या बोटींच्या पोटाखाली असं एक पातं असतं, माशाच्या पंखासारखं, त्याला कील म्हणतात. झटकन वळतात, पण लक्षही झटकन उडतं. थोरलीची कील नाकाच्या मागून सुरू होते ती पार शेपटीपर्यंत. अख्ख्या अंगाएवढी. सुकाणू तिच्याच टोकाला टेकवलेलं. एवढी लांब भिंत पाण्यात उभी असल्यावर ती आडवी कशाला सरकेल? एकदा दिशा सांगायची, आणि पुस्तक वाचत बसायचं. मी दात घासायचो, जेवायचो, झोपायचो. ही जात राहायची."

वाटेत कुणाच्या तरी मासेमारीच्या जाळ्याचे तरंगते गोळे आले. शेजारून जाणारी एक चकचकीत बोट त्यात अडकून गोल गोल फिरायला लागली, तिच्यावरचे लोक एकमेकांवर ओरडत होते. थोरलीच्या पोटाखाली अडकायला काही खाचच नव्हती. जाळं कीलवरून घसरत मागे गेलं. तिने खाली वळूनसुद्धा बघितलं नाही. हॉटेलवाल्यांनी टेप खिशात ठेवली आणि थोड्या वेळाने परत काढली.

जावई मनात म्हणत होता, 'आणि हे सगळं मी हलकी केल्यामुळे!' (म्हणू दे. थोडाच वेळ उरलाय.)

लाल बोया आला. त्याने सुकाणू वळवलं. थोरलीने ऐकलं. विचार केला. आणखी थोडा विचार केला.

"वळत का नाही?"

"तिला सांगितलंत ना? मग आता वाट बघा," मामा म्हणाले.

"आईसारखं आहे हे," बायको पुटपुटली. "आधी 'नाही' म्हणते, मग स्वतःच्या वेळेने करते."

थोरली आपल्या वेळेने, मोठा वळसा घेत, बोयाला मान देऊन वळली. आता वारा डाव्या बाजूने. आणि नेमका तेव्हाच तो वाढला. समोरचं पाणी काळपट झालं, त्यावर पांढरे फटके उमटले, आणि थोरली उजवीकडे झुकली. झुकली ती झुकतच गेली. खालून सासूबाईंचा आवाज आला. त्या चहा ठेवायला उतरल्या होत्या.

"अगं, नळ कुणी चालू ठेवलाय?"

"नळ नाहीये, आई!"

"मग सिंक भरतंय कुठून? अगं, वर येतंय पाणी! खालून वर!"

उजवीकडचं स्वयंपाकघराचं सिंक समुद्राच्या पातळीखाली गेलं होतं आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जायचं त्याच भोकातून समुद्र घरात येत होता. सासूबाईंनी भोकात चहाचं फडकं कोंबलं आणि त्यावर हात दाबून उभ्या राहिल्या. हॉटेलवाले डोलकाठीला मिठी मारून बसले होते. जावयाच्या हातात सुकाणू होतं, पण कोण कोणाला धरून आहे ते सांगता आलं नसतं.

"जरा कळ येईल हं," मामा म्हणाले, नेहमीच्या आवाजात. "नाक वाऱ्यात घाला. पलीकडे जाऊ द्या. पोरी, पुढच्या शिडाचा दोर सोडू नकोस, तो तसाच राहू दे, उलटा. हां. आता सुकाणू पार खाली, वारा जातोय तिकडे लोटून बांधून टाका."

"मामा, तुम्ही हात लावणार नव्हता ना?" जावई किंचाळला.

"हात नाहीच लावत. दातांचा डॉक्टर आहे, तोंड नाही लावणार असं कुठे म्हणालो?"

बायकोने दोर धरून ठेवला. थोरली वळली, पुढचं शीड उलट्या बाजूने फुगलं, मागचं एकीकडे ओढतंय, पुढचं दुसरीकडे ढकलतंय, आणि दोघांच्या भांडणात थोरली समुद्राच्या मधोमध चक्क फतकल मारून बसली! वारा होता तेवढाच. लाटा होत्या तेवढ्याच. पण बोट शांत. सिंक पाण्यातून वर आलं, गुळगुळ करून रिकामं झालं. थोरली वाऱ्यासोबत हळूहळू सरकत होती, आणि वारा येत होता त्या बाजूला, तिच्या मागे, लाटा फुटायच्या बंद झाल्या होत्या. पाण्यावर एक सपाट, चकचकीत पट्टा पडला होता.

"इस्त्री फिरवल्यासारखा," हॉटेलवाले डोलकाठी न सोडता म्हणाले.

खालून सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. मग किती दिवसांनी पहिल्यांदा सरळ जावयाच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"जड असते म्हणून सुरकुती जाते, जावईबापू. हलकीने नुसतं कापड गरम होतं."

जावयाने चहा घेतला. कपातला चहा हिंदकळत नव्हता. भर वाऱ्यात, समुद्रात, कप काठोकाठ! त्याला वाटलं, हिच्यात एकटा माणूस महासमुद्र कसा ओलांडतो ते आपल्याला आज कळलं. तो एकटा नसतोच.

अशा सुंदर क्षणी मामा म्हणाले, "सिंकमध्ये पाणी? हे आजवर कधी झालं नाही." आणि गुडघे धरत खाली गेले. डावीकडची फळी उचलल्याचा आवाज आला.

मग मामांचा आवाज आला.

"इथे माझ्या पिशव्या होत्या."

"कसल्या पिशव्या?" जावई म्हणाला. आवाज असा की बायकोने कप खाली ठेवला.

"तू लाल स्टिकर लावलास?" तिने विचारलं.

"मला वाटलं भंगार..."

"कुठेयत?"

"कचरागाडीत."

मामा शिडीवरून नुसतं डोकं वर काढून बोलले. रागावले नव्हते, तेच वाईट होतं. "अहो, शिसं होतं ते. उजवीकडे स्टोव्ह आहे, पाण्याची टाकी आहे, बॅटऱ्या आहेत. डावीकडे तेवढंच वजन नको का? मी वर्षभर एकेक वीट इकडेतिकडे सरकवून तिचा तोल लावला होता."

"मला वाटलं, हलकी झाली तर पळेल."

"पळायचं कुणाला होतं? तिला पोचायचं असतं."

ओरखड्याची काय कथा, अख्खी बोटच जावयाने वाकडी करून ठेवली होती. परत जायचं ते वारा डावीकडे घेऊनच. म्हणजे परत सिंक. आणि धक्क्यावर वाकडी बोट लावायची ती कशी? त्याने बायकोकडे बघितलं. ती थोरलीच्या नाकाकडे बघत होती. आइस्क्रीमच्या जागेकडे.

"किती वजन होतं?" तिने एकदम विचारलं.

हे मात्र त्याचं खातं. "उचलून अंदाज घेतला होता. सगळं मिळून..." तो थांबला. "साधारण माझ्याएवढं."

चौघांनी वळून त्याच्याकडे बघितलं. हॉटेलवाल्यांनी तर टेप काढून त्याला खांद्यापासून खांद्यापर्यंत मापलंसुद्धा.

"बसतील," ते म्हणाले.

त्यामुळे पुढचा सगळा थरार जावयाने बघितलेला नाही. त्याने तो ऐकला. डाव्या फळीखालच्या खळग्यात, गुडघे हनुवटीला लावून, जिथे शिसं असायचं तिथे बसून. सुकाणू बायकोच्या हातात, सासूबाई तिच्या शेजारी, मामा तोंड लावायला. दोर सुटला, थोरली पुन्हा चालायला लागली, वारा डावीकडून आला, आणि जावई श्वास रोखून समोरच्या सिंककडे बघत राहिला. सिंक कोरडं! त्याच्या कानाशी, लाकडापलीकडे, पाणी बोलत होतं. बायको लहानपणी काय ऐकायची ते त्याला तेव्हा समजलं, आणि खळग्यातल्या पाण्याने भिजलेल्या पँटमध्येही तो हसला.

मग शिडं उतरली. इंजिन सुरू झालं. बंदर आलं असणार.

"मी रिव्हर्सने लावते," वरून बायकोचा आवाज. ड्रायव्हिंग स्कूलचा.

"थोरलीला रिव्हर्स..." मामा म्हणायला लागले.

"मामा, दिवसाला वीस वेळा शिकवते मी."

गिअर पडला. मग तिचाच आवाज : "अरे? अगं! अगं, मी उजवीकडे म्हणतेय! ही डावीकडे का चाललीय?"

"जपून, जपून! माझी लाँच आहे ती! नवी आहे!" हॉटेलवाले.

"पुढे घे! पुढे!" मामा.

इंजिन घुरघुरलं. खळग्यात जावयाने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी बोटीची बरगडी धरली. आता खर्रकन आवाज येणार. आता येणार. नाही आला.

"मागे जाताना ती कायम शेपटी डावीकडे टाकते," मामांचा आवाज. "इंजिनाच्या पंख्याचा जोर तसा असतो, आणि एवढी लांब कील सुकाणूचं काही ऐकू देत नाही. मी कधीच तिला रिव्हर्सने धक्क्याला लावलेलं नाही."

मग सासूबाई बोलल्या. त्या आयुष्यात कधी बोटीबद्दल मत देत नसत.

"अगं, ती डावीकडेच जाणार आहे ना? मग धक्का तिच्या डावीकडे ठेव."

मग बायको जी हसली ते जावयाला खालूनही कळलं. इंजिनाचा आवाज बदलला. थोरली पुढे निघाली, हळू, फार हळू. धक्क्यावरच्या लोकांची बोलणी जवळ आली. डावीकडून. अगदी त्याच्या कानापलीकडे.

"आता," मामा म्हणाले. "एकच ठोका. रिव्हर्सचा."

गिअर. एक घुर्र. थोरलीने शेपटी डावीकडे टाकली, जशी ती जन्मभर टाकत आली होती, आणि तिचं अख्खं अंग धक्क्याला येऊन टेकलं. म्हणजे टेकलं असावं. कारण आवाज आला तो एवढाच : उशीवर डोकं ठेवल्यासारखा.

मग वर कुणीतरी टाळी वाजवली, बायको ओरडली, सासूबाई "बघ, सांगितलं नव्हतं?" म्हणाल्या. आणि त्या सगळ्यात एक छोटा आवाज जावयाने स्पष्ट ऐकला. टेप सर्रकन आत गेल्याचा. हॉटेलवाले म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिच्यात बर्फ नाही हो भरवणार माझ्याच्याने. लॉनसाठी बैलगाडी बघतो. पण पुढच्या रविवारी मला परत न्याल ना?"

"थोरली घरात राहिली," मामा म्हणाले. "आता विचारायचं ते पोरीला विचारा."

बायकोला हुंदका फुटला. एक्झॉस्ट फॅन पण नव्हता जवळ. जावयाला राहवलं नाही. तो खळग्यातून धडपडत उठला, अंग आखडलेलं, पाठीवर गोणपाटाचे धागे, आणि शिडी चढून वर आला. "जमलं आपल्याला!"

थोरली उजवीकडे झुकली. सासूबाईंच्या हातातला कप घरंगळला.

"खाली बस!" चौघे एकदम ओरडले.

तो खाली बसला.

रात्री जेवताना त्याने ताठ मानेने जाहीर केलं, की उद्याच्या उद्या नवं शिसं आणून देतो, पूर्वीसारख्याच पिशव्या शिवून.

"कशाला?" मामा म्हणाले. "शिसं सिंक कोरडं आहे का ते बघून सांगत नाही. पंप मारत नाही. भांडी घासत नाही."

"शिसं बडबडही करत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. पण थेट त्याच्याकडे बघून म्हणाल्या, मुलीमार्फत नाही. आणि म्हणता म्हणता त्याच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

"सासूबाई, बास, मी वजन कमी करतोय..."

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "दोन किलो कमी झालास की सिंकमध्ये पाणी येईल."

ती उठली, ड्रॉवरमधून स्टिकरचं पाकीट काढलं, त्यातला एक हिरवा सोलला, त्यावर पेनाने काहीतरी लिहिलं आणि नवऱ्याच्या शर्टावर छातीशी दाबून चिकटवला. जावयाचे डोळे भरून आले. हिरवा! त्याने मान वाकडी करून वाचलं. एका वाक्यात उपयोग, शेवटी सापडला होता :

'डावीकडे ठेवणे.'